विहिरीच्या पाण्याला घासलेटचा वास : खान्देशातल्या भूजलावर इंधनासाठी नजर कशी ठेवावी

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीला बारीक भोक पडलं, तर ते बराच काळ कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते शेजारच्या मळ्यात. पाणी भरताना कुणीतरी म्हणतं, "पानीले घासलेटना वास येस." पेट्रोल असो की डिझेल, आपल्याकडे त्या वासाचं नाव घासलेटच. मग कुणी म्हणतं मोटारीचं ऑईल सांडलं असेल. कुणी ग्रामपंचायतीतला पाणी तपासणीचा कागद काढून दाखवतं, त्यात सगळं ठीक असतं, आणि विषय तिथेच मिटतो.

तो तसा मिटू नये म्हणून हे लिहितो आहे. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग खान्देशातून जातात आणि धुळ्याला एकमेकांना मिळतात. साक्रीपासून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगरपर्यंत, आणि तिकडे सोनगीर, नरडाणा, शिरपूरपर्यंत पंप, ढाबे, गॅरेज आणि विहिरी एकमेकांना खेटून आहेत. माझं म्हणणं असं की एका तपासणीवरून 'आहे' किंवा 'नाही' ठरवू नये. पाण्याची पातळी, पाणी सरकायची दिशा आणि वर्षभर एकाच पद्धतीने घेतलेले नमुने हे तिन्ही हातात असले तरच काही ठामपणे बोलता येतं. यातलं बरंचसं काम गावातली चार माणसं स्वतः करू शकतात.

सगळ्यात आधी : विहिरीत उतरू नका

गाळ काढायला विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहायची जुनी पद्धत आहे. दिवा विझला तर खाली हवा नाही असं समजायचं. इंधनाचा वास येणाऱ्या विहिरीत हे कधीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती विहिरीच्या तळाशी साचून राहते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का मिसळली तरी ठिणगीने भडकते. बिडी, मोबाईलचा टॉर्च धरून वाकणं, विहिरीवरचा उघडा स्टार्टर हे सगळं लांब ठेवा. वास तीव्र असेल तर त्या विहिरीची मोटारसुद्धा चालू करू नका. या लेखातलं एकही काम विहिरीत उतरून करायचं नाही.

तेच पाणी घरात उकळणंही चूक आहे. उकळल्यावर बेंझीन पाण्यातून निघून स्वयंपाकघरातल्या हवेत येतं आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या छातीत जातं. तुरटी आणि ब्लीचिंग पावडरचा इथे काही उपयोग नाही. घरच्या फिल्टरमधला कोळसा थोडे दिवस इंधन धरून ठेवतो, पण तो कधी भरला हे तुम्हाला कळत नाही. शंका आली त्या दिवसापासून पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि अंघोळीचं पाणी दुसरीकडून आणा. तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबू नका.

इंधन जमिनीत जातं तेव्हा

पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. गळती मुरमातून झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत जाते आणि तिथे तरंगत पसरते. तरंगणारा थर हा झाला एक भाग. दुसरा भाग डोळ्याला दिसत नाही: त्या थरातून बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर पुढे सरकतात. यातलं बेंझीन कर्करोगकारक आहे.

हिशेब करून पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनात सुमारे ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझीन विरघळलं, तर जवळजवळ ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचेल. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते होतं सुमारे १ लाख ४० हजार लिटर. म्हणजे अशा सहा विहिरी.

आणि नाकावर भरवसा ठेवू नका. बेंझीनची चव जिभेला कळते ती लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या पन्नास पट झाल्यावर, आणि नाकाला कळायला त्याहूनही जास्त लागतं. 

इथेनॉलमुळे यात भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गळलं की इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं. जमिनीतले जिवाणू आधी ते खातात आणि त्यात पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग बेंझीन खाण्यासाठी प्राणवायू उरत नाही आणि बेंझीन जास्त लांबपर्यंत टिकतं.

आपल्या पायाखालचा दगड

कुठल्याही पुस्तकातली पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, कारण खान्देशात दोन वेगळ्या जमिनी आहेत.

तापीच्या काठाने, रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात गाळाची खोल जमीन आहे. वाळू, गोटे आणि चिकण मातीचे थर, आणि पाणी खूप खोल. इथे गळती वरच्या थरांत अडकून राहते आणि पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. इथे पाणी वाळूतून बऱ्यापैकी सरळ सरकतं, त्यामुळे दिशा काढली की ती कामाला येते.

बाकी बराचसा खान्देश काळ्या कातळावर बसला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग अभेद्य पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा. इथे पाणी भेगांमधून जातं. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत तर जमिनीत उभ्या घुसलेल्या दगडी भिंती, म्हणजे डाईक, मोठ्या संख्येने आहेत. एखादी डाईक पाणी अडवते, तर एखादीच्या कडेच्या भेगांतून ते दूरवर पळतं. त्यामुळे पंपापासून पन्नास पावलांवरची विहीर स्वच्छ आणि तीन शेतं पलीकडची खराब, असं होऊ शकतं. "जवळच्या विहिरीला काही नाही, मग लांबच्या विहिरीला पंपाचं कसं?" हा युक्तिवाद कातळाच्या मुलखात टिकत नाही.

ज्या विहिरींत आडवे बोअर मारले आहेत, त्यांची नोंद जरूर करा: किती, कुठल्या दिशेला, किती लांब. आडवा बोअर भेगा गाठायलाच मारलेला असतो. तो पाणी ओढतो तसं इंधनही ओढून आणतो.

पहिली पायरी : यादी आणि पातळी

संशयित जागेभोवती निदान अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी, बोअर आणि हातपंप कागदावर घ्या. प्रत्येकाला क्रमांक द्या. खोली, व्यास, केसिंग किती, मोटार किती खोल सोडली आहे, पाणी प्यायला वापरतात की फक्त शेतीला, हे लिहा. बंद पडलेले बोअर सोडू नका.

मग प्रत्येक विहिरीच्या काठावर मोजणीची एक कायमची खूण करा. छिन्नीने करा. ऑईलपेंटने करू नका, त्यातलं द्रावक नमुन्यात आलं तर लॅबचा रिपोर्ट फुकट जाईल. पुढची प्रत्येक मोजणी त्याच खुणेपासून.

मोजायची वेळ फार महत्त्वाची आहे. शेतीची वीज पाळीने येते, आणि वीज आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, पातळी खाली जाते. म्हणून त्या फीडरची वीज जाऊन काही तास झाले की, एकाच सकाळी, सगळ्या विहिरी मोजा. एक विहीर सोमवारी आणि दुसरी गुरुवारी मोजली तर दिशा चुकीचीच निघणार.

आता सगळ्या खुणांची उंची एकमेकींशी जुळवायला हवी. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने हे करता येतं. पण अंतर जास्त असेल तर सर्व्हेअरला एक दिवस बोलवा. तो खर्च करण्यासारखा आहे, कारण एकदा झालं की कायमचं झालं. खुणेच्या उंचीतून पाण्यापर्यंतची खोली वजा केली की त्या विहिरीतल्या पाण्याची खरी उंची मिळते.

दिशा काढायला त्रिकोणात असलेल्या तीन विहिरी पुरतात. समजा अ विहिरीतल्या पाण्याची उंची ९८.६० मीटर, ब ची ९८.२० आणि क ची ९७.८०. नकाशावर अ पासून क पर्यंत रेघ ओढा. त्या रेघेवर ९८.२० ची जागा बरोबर मध्यावर येते. ती जागा ब ला जोडा. ही झाली समान पातळीची रेषा. तिला काटकोनात, उताराकडे, पाणी सरकतं. केळीला रात्रंदिवस पाणी देणारी मोठी मोटार शेजारी असेल तर ती ही दिशा स्वतःकडे वळवते, म्हणून कुणाच्या मोटारी किती तास चालतात हेही नोंदवा.

दुसरी पायरी : डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लोक घाबरतात. तो दरवेळी इंधनाचा नसतो. लोह खाणाऱ्या जिवाणूंचाही अगदी तसाच तवंग येतो. एका बादलीत ते पाणी घ्या, स्थिर होऊ द्या, आणि काडीने तवंगाला मधोमध डिवचा. जिवाणूंचा तवंग काचेसारखा तडकतो, त्याचे कोनदार तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. इंधनाचा तवंग काडीभोवती वळतो, ताणला जातो, आणि काडी काढली की पुन्हा मिटतो.

दुसरी खूण माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे: नायट्रेट. कापूस आणि केळीला आपण इतका युरिया टाकतो की आसपासच्या विहिरींत नायट्रेट बहुतेक असतंच. इंधन खाणारे जिवाणू प्राणवायू संपला की नायट्रेट वापरतात, ते संपलं की मँगनीज आणि लोह पाण्यात सोडतात. म्हणून सगळ्या शेजाऱ्यांच्या पाण्यात नायट्रेट भरपूर आणि मधल्या एकाच विहिरीत जवळजवळ शून्य, वर पाण्याला लालसर झाक आणि बादलीला तांबूस गाळ, असं दिसलं तर त्या विहिरीवर लक्ष केंद्रित करा. ही तपासणी साध्या पाणी चाचणी किटनेही होते. सांडपाण्यानेही असं होऊ शकतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण महागडी चाचणी कुठल्या विहिरीची करायची हे यातून ठरतं.

तिसरी खूण पंपावरच असते. पंपचालक रोज डिपरॉडने टाकीतला साठा मोजतो आणि विक्रीशी ताळा करतो. साठा सतत कमी पडत असेल किंवा टाकीत पाणी शिरत असेल तर टाकी तपासायला हवी. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, माल खराब होतो. त्यामुळे गळती शोधणं पंपचालकाच्याही हिताचं आहे. भांडण करत जाण्यापेक्षा सरपंचांना घेऊन हीच गोष्ट त्याच्यासमोर मांडा.

तिसरी पायरी : तरंगता थर मोजणं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. साध्या बोअरला वरच्या मुरमात केसिंग असतं, आणि पाणी केसिंगच्या खालून आत येतं. तरंगतं इंधन त्या बंद पाइपाच्या बाहेरच राहतं. म्हणून बोअरमध्ये थर दिसला नाही याचा अर्थ थर नाही असा होत नाही. बोअर विरघळलेला भाग दाखवतो, उघडी विहीर तरंगता भाग दाखवते. जमलं तर दोन्ही पाहा.

थर मोजायला पोलादी टेपच्या एका बाजूला पाणी ओळखणारी पेस्ट आणि दुसऱ्या बाजूला इंधन ओळखणारी पेस्ट लावून टेप सावकाश सोडतात. दोन्ही रंग जिथे बदलतात त्यातलं अंतर म्हणजे थराची जाडी. पंपावर वापरतात तीच पेस्ट, फक्त इथेनॉलच्या पेट्रोलसाठीची वेगळी मिळते ती घ्या. थर असेल तर पाण्याची पातळी सुधारून लिहावी लागते, कारण इंधनाच्या भाराने पाणी खाली दबतं: पेट्रोलच्या जाडीच्या पाऊण पट उंची पातळीत मिळवा. २० सेंटिमीटर थर असेल तर १५ सेंटिमीटर. डिझेलला ०.८३ धरा. विहिरीतली जाडी जमिनीतल्या थरापेक्षा जास्त दिसते, त्यामुळे तिच्यावरून किती लिटर गळलं हे काढू नका.

चौथी पायरी : नमुना

पाण्याच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये भरलेला नमुना या कामाला निरुपयोगी आहे. प्लॅस्टिक बेंझीन शोषतं आणि मोकळ्या जागेत ते उडून जातं. लॅबकडून आधीच ४० मिलिलिटरच्या काचेच्या, टेफ्लॉनच्या पडद्याच्या झाकणाच्या छोट्या बाटल्या मागवा, दर विहिरीला निदान दोन. त्यात बहुधा आम्लाचे थेंब घातलेले असतात, म्हणून त्या विसळायच्या नाहीत. डिझेलसाठी एक लिटरची तपकिरी काचेची बाटली वेगळी लागते.

नमुना घ्यायच्या सकाळी गाडीत पेट्रोल भरू नका, आणि गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा. पाणी उपसायला डिझेल इंजिन अजिबात नको. हातमोजे प्रत्येक विहिरीला नवे, दोरही नवा. आधी स्वच्छ वाटणारी विहीर, शेवटी वासाची.

बोअरमध्ये पाइपात उभं राहिलेलं जुनं पाणी आधी काढावं लागतं. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी असतं. ४० मीटर पाणी उभं असेल तर ८५० लिटर, आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे अडीच हजार लिटर उपसायचं. तापमान, सामू आणि क्षारता मोजणारा छोटा मीटर असेल तर लागोपाठ तीन वाचनं जवळजवळ सारखी येईपर्यंत उपसा. हे पाणी नाल्यात सोडू नका, टाकीत धरा. नमुना टाकीतून किंवा फवाऱ्यातून न घेता मोटारीच्या सगळ्यात जवळच्या तोटीतून, धार अगदी बारीक करून घ्या.

उघड्या विहिरीत तिप्पट उपसणं शक्य नाही, आणि वरच्या पाण्यातून बेंझीन उन्हाने उडून गेलेलं असतं. तिथे पातळी खाली असताना काठावरून पाहून झरा जिथून पाझरतो ती बाजू हेरा आणि तिथलंच, पृष्ठभागाखालचं पाणी दोराने सोडायच्या नमुना-नळीने घ्या. तरंगता थर असेल तर त्यातून पाण्याचा नमुना काढूच नका, थरातले थेंब मिसळून आकडा भलताच येतो.

बाटली तिरकी धरून काठावरून पाणी हळूच सोडा. पाण्याचा फुगा बाटलीच्या तोंडावर वर आला पाहिजे. झाकण बसवा, बाटली उलटी करा, बोटाने टिचकी मारा. आत बुडबुडा दिसला तर ती बाटली टाकून द्या, नवी घ्या. लेबल बॉलपेनने आधीच लिहून ठेवा, मार्कर वापरू नका, त्याच्या शाईत टोल्युइन-झायलीन असतं. मग लगेच बर्फाच्या पेटीत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत अर्धा तास राहिलेला नमुना पाठवून पैसे वाया घालवू नका.

दोन बाटल्या आणखी लागतात. लॅबमधून शुद्ध पाण्याने भरून आलेली एक बाटली न उघडता पेटीत फिरवून परत पाठवायची. तिच्यात बेंझीन निघालं तर प्रदूषण वाटेत झालं. आणि एका विहिरीचा नमुना दुसऱ्या नावाने पुन्हा द्यायचा. दोन्ही आकडे जुळले तर लॅबवर विश्वास बसतो. आम्ल घातलेला, ४ अंशांजवळ ठेवलेला नमुना १४ दिवसांत तपासला गेला पाहिजे.

पाचवी पायरी : लॅबशी बोलणं आणि रिपोर्ट वाचणं

ग्रामपंचायतीची नेहमीची तपासणी सामू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू पाहते. तिच्यात इंधन शोधलेलंच नसतं. "ऑईल अँड ग्रीस" ही चाचणीही पुरत नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. त्या मर्यादेत बसणाऱ्या पाण्यातही बेंझीन घातक प्रमाणात असू शकतं.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबला तीन प्रश्न विचारा: बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन गॅस क्रोमॅटोग्राफने करता का, मान्यता याच चाचणीला आहे का, आणि बेंझीन किमान किती मोजता. शेवटचा आकडा लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या बराच खाली हवा. रिपोर्टवर नुसतं "आढळलं नाही" लिहून आलं तर कितीच्या खाली आढळलं नाही ते लेखी मागा. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे वापरा: टोल्युइन ७००, इथाइलबेंझीन ३००, झायलीन ५०० मायक्रोग्रॅम.

वर्षाचं वेळापत्रक

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तेच महिने धरा, म्हणजे तुमचे पातळीचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. त्यात ऑगस्ट जोडा, कारण आपल्याकडे ऋतूनुसार चित्र पार बदलतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं इंधनही खाली उतरतं आणि वाटेतल्या मुरमाला चिकटत जातं. विहिरीत थर जाड दिसतो. पावसाळ्यात पातळी चढली की तेच चिकटलेलं इंधन पाण्याखाली जातं, थर नाहीसा होतो, आणि विरघळलेलं बेंझीन वाढू शकतं. जुलैत तवंग गेला म्हणून कुणी सुटकेचा श्वास सोडू नये. पातळी पाचही वेळा मोजा. लॅबची चाचणी पैशांअभावी दोनदाच जमत असेल तर मे आणि ऑक्टोबर.

नवी निरीक्षण विहीर घ्यायची झाली तर

हे काम तेल कंपनीकडून किंवा भूजल यंत्रणेकडून करून घ्यावं, पण पाहणाऱ्याला काय पाहायचं ते माहीत हवं. जाळीचा पाइप उन्हाळी आणि पावसाळी अशा दोन्ही पातळ्यांच्या वर-खाली पोचला पाहिजे, नाहीतर तरंगता थर आत येणार नाही. पाइप आट्यांचे हवेत. पीव्हीसीचं सोल्युशन लावून जोडलेले पाइप स्वतःच द्रावकं सोडतात. बाहेरून बारीक खडी, वर बेंटोनाइटची माती, त्यावर सिमेंट, आणि कुलपाचं झाकण. वरचा दूषित थर फोडून खोल बोअर मारू देऊ नका, त्या भोकातून इंधन खालच्या चांगल्या पाण्यात उतरतं. निकामी उघडे बोअरही याच कारणाने बेंटोनाइट आणि सिमेंटने तळापासून भरून घ्या.

कागदोपत्री

तुम्ही घेतलेला नमुना शोध घेण्यासाठी असतो. न्यायालयात तो चालेलच असं नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विहिरीचा किंवा सांडपाण्याचा नमुना घ्यायचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला असतो, आणि सांडपाण्याचा नमुना ठरलेल्या रीतीने, संबंधिताला सूचना देऊन, सीलबंद करून घ्यावा लागतो. म्हणून तुमचे आकडे, नकाशा आणि पातळीची वही जोडून मंडळाच्या कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक तेल कंपनीच्या विभागीय कार्यालयाला, एक भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला. टाकीच्या परवान्याचा विषय असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे जातो. अर्जात "पंपाने पाणी नासवलं" असं लिहू नका. कुठल्या विहिरीत, कुठल्या तारखेला, कुठल्या लॅबने, किती मोजलं, आणि पातळीवरून पाणी कुठून येतं, एवढंच लिहा.

गळती बंद होऊन टाकी बदलली तरी वही बंद करायची नाही. उपसा करून पाणी स्वच्छ दिसलं तरी उपसा थांबल्यावर मुरमात चिकटलेलं इंधन पुन्हा विरघळतं आणि आकडे परत चढतात. निदान दोन पूर्ण पावसाळे, त्याच खुणेपासून, त्याच महिन्यांत, त्याच लॅबकडून मोजत राहा, आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक शाळेत ठेवा.